नानांचं बटण

आमच्या पाथर्डी फाट्याच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. ती जागा सोडून लिफ्ट न बसवणाऱ्या बिल्डरचा मी पुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात उद्धार केला. त्या पोकळीत खालच्या मजल्यावरच्यांनी सायकली आणि मोडके कूलर भरून ठेवले होते. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लासलगावहून आणलं तेव्हा चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर चढवलं. त्यानंतर नाना बराच काळ जिना उतरले नाहीत.

नाना लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. उभं आयुष्य आवाजावर काढलेला माणूस. ट्रॅक्टरच्या रांगांमधून त्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि घरी आल्यावर मात्र ते मुळीच बोलायचे नाहीत. बोलायचं काम बाजारात झालेलं असायचं. घरी पाणी हवं असलं तरी नुसतं तांब्याकडे बघायचे, आणि आईने ते ओळखायचं असा शिरस्ता होता.

लहान असताना सुट्टीत मी त्यांच्यामागे बाजारात जायचे. मला एखाद्या ओळखीच्या माणसाच्या ट्रॉलीवर बसवून देत. नाना पुढे, त्यांच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि तो सगळा घोळका या ट्रॉलीवरून त्या ट्रॉलीकडे सरकत जायचा. बोली चढत चढत थांबली की नाना म्हणायचे, "एक वार." लगेच, "दोन वार." आणि मग थांबायचे. हात वर धरलेला असायचा. त्या वेळी ते व्यापाऱ्यांकडे बघत नसत, ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघत. त्याने मान हलवली, नको म्हणाला, तर हात तसाच खाली घ्यायचे. तो काही बोलला नाही, किंवा "होऊ द्या" म्हणाला, की "तीन वार" म्हणत ट्रॉलीच्या फळीवर सपकन पंजा मारायचे आणि मागे वळूनही न बघता पुढच्या ट्रॉलीकडे चालायला लागायचे. एखादा व्यापारी मागून "नक्की का?" असं विचारायचा. त्याच्याकडे नाना नुसती एक नजर टाकायचे. ती नजर मला इतकी आवडायची की शाळेत मी ती मैत्रिणींवर वापरून बघितली होती. तुटलेला, म्हणजे पक्का झालेला, सौदा नाना पुन्हा बोलत नसत.

एका उन्हाळ्यात, ऐन हंगामात, त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डाव्या हाताला आधीपासून थोडा कंप होता, तो वाढला. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. फक्त बाहेर येत नाही." हे वाक्य त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. मला धडकी भरली. समजत नसतं तर एक वेळ परवडलं असतं असं माझ्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचा राग मी डॉक्टरांवरच काढला.

मी तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दोन हजार सालानंतरचा तो काळ. गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि प्रत्येक क्लासच्या पाटीवर एक पृथ्वीचा गोल आणि एक हसणारी गोरी बाई असायची. मी एकुलती एक, लग्न झालेलं नाही, नाशकात भाड्याचा फ्लॅट आहे, आणि दवाखाने सगळे नाशकात. त्यामुळे नानांनी कुठे राहायचं याचा विचारच झाला नाही. दोन खोल्या. पुढच्या खोलीत नानांची खाट, खाटेच्या पायाशी माझं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप दिसायचा. नाना दिवसभर तो पाइप बघायचे.

भेटायला येणारे तर डोक्यात जायचे. बोलता न येणाऱ्या माणसाच्या तोंडाशी वाकून मोठ्याने विचारायचे, "आता कसं वाटतंय?" झटक्याने कान जातात अशी यांची समजूत कोणी करून दिली होती कोण जाणे. मग मला बाजूला घेऊन म्हणायचे, "तुझं पण काहीतरी बघायला पाहिजे आता." एक-दोन स्थळं आली होती. घरात येऊन, खाट बघून, चहा पिऊन गेली. मी त्यांना दोष देत नाही. मलाही त्या दारातून बाहेर पडता आलं असतं तर मी पडलेच असते.

क्लासवर जायचं, यायचं, आईला मोकळं करायचं, नानांना कुशीवर वळवायचं. रविवारी सुद्धा कुठे जाता येत नसे, कारण आईला एकटीने त्यांना उचलता येत नव्हतं. आईला विचारलं, "थकलीस का गं?" तर म्हणायची, "मी कशानं थकंल?" आणि बसल्या जागी झोपून जायची.

सगळ्यात जास्त भांडणं नानांना काय हवंय यावरून व्हायची. ते तोंडातून एक आवाज काढायचे, सगळ्यासाठी तोच. आई म्हणायची पाणी, मी म्हणायचे पंखा, आणि नाना डोळे मिटून घ्यायचे. त्या डोळे मिटण्याने मला अगदी कोंडल्यासारखं व्हायचं. तेव्हा ठरवलं की यांना एक प्रोग्राम लिहून द्यायचा.

जुना माउस उघडला. त्याच्या डाव्या बटणाच्या दोन वायरी बाहेर काढून दाराच्या बेलचं बटण जोडलं. ते बटण एका लाकडी पाटावर स्क्रूने बसवलं आणि पाट नानांच्या डाव्या हाताखाली ठेवला. दाबलं की टक असा चांगला आवाज यायचा. स्क्रीनवर मोठमोठे चौकोन केले: पाणी, पंखा, दुखतंय, संडास, कूस बदला, टीव्ही. एक पिवळी चौकट एकेका चौकोनावरून आपोआप सरकत जायची. हव्या त्या चौकोनावर आली की नानांनी बटण दाबायचं आणि कॉम्प्युटरने ते बोलून दाखवायचं.

आवाज आईचा घ्यायचा ठरला, कारण वर्गात ओरडून ओरडून माझा घसा कायम बसलेला असायचा. माईक तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "मला पाणी पाहिजे, असं म्हण."

"मला कुठं पाह्यजे?" आई म्हणाली.

"अगं, नानांच्या तर्फे म्हणायचं."

"त्यांच्या तोंडचं मी कसं बोलू? बरं दिसतं का ते?" मग तिने पदर सारखा केला आणि माईकमध्ये म्हणाली, "ह्यांना पानी पाह्यजे."

तेच राहिलं. जन्मभर गावाला ऐकू जाईल असं बोललेला माणूस आता बायकोच्या आवाजात, स्वतःला "ह्यांना" म्हणत पाणी मागायला लागला. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा नानांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. झटक्यानंतरचं ते पहिलं हसू. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी क्लासला दांडी मारली.

पण लगेच एक गोंधळ सुरू झाला. नानांनी पाणी मागितलं की कॉम्प्युटर एकदा बोलून थांबत नसे. "ह्यांना पानी पाह्यजे. ह्यांना पानी पाह्यजे. ह्यांना पानी पाह्यजे." कधी तीनदा, कधी चारदा, कधी त्याहून जास्त. आई स्वयंपाकघरातून पेला घेऊन धावत यायची आणि स्वतःच्याच आवाजाला म्हणायची, "अहो, आनते ना. दम धरा जरा."

कारण मला माहीत होतं, रोज वर्गात तेच तर शिकवत होते. चौकोन आणि बटणांचा कुठलाही प्रोग्राम मुळात स्वतःहून काही करत नाही. तो वाट बघत बसतो. कोणी बटण दाबलं, माउस हलवला, घड्याळाचा ठोका पडला, की त्याचा एक इव्हेंट तयार होतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो. प्रोग्राम रांगेतला पहिला इव्हेंट घेतो, त्याचं काम उरकतो, मग पुढचा घेतो. मुलांना मी एसटी स्टँडवरच्या रिझर्वेशनच्या खिडकीचं उदाहरण द्यायचे. खिडकीतला माणूस एकाचं तिकीट फाडत असला म्हणून मागे लोक यायचे थांबत नाहीत. तसंच, कॉम्प्युटर आईचं वाक्य बोलण्यात गुंतलेला असताना नानांच्या थरथरत्या हाताने आणखी दोन-तीनदा बटण दाबलं जायचं. ते सगळे दाब रांगेत उभे. वाक्य संपलं की कॉम्प्युटर इमानदारीत एकेकाला पुढे घ्यायचा आणि पुन्हा तेच बोलायचा.

यावर उपाय असतो. रांगेत डोकावून पाहता येतं. नुसतं बघता येतं, आणि हव्या त्या जातीचे इव्हेंट उचलूनही घेता येतात. माउसच्या बटणाचे तेवढे उचल, घड्याळाच्या ठोक्यांना हात लावू नको, असं सांगता येतं. उचललेल्यांचं काय करायचं ते आपल्या मर्जीवर. मी लिहिलं की वाक्य बोलून झालं की रांगेत बटणाचे जेवढे दाब साठलेत तेवढे सगळे उचलायचे आणि फेकून द्यायचे. अगदी थोड्या ओळींचं काम. त्यानंतर कॉम्प्युटर शहाण्यासारखा एकदाच बोलायला लागला. बटणाची टकटक चालूच असायची, पण तिचा काही परिणाम होत नसे. आई म्हणाली, "आता कसं मानसात आलं." मी त्या ओळींवर फार खूश होते. घरातल्या बाकीच्या गोष्टींनाही अशी एखादी गाळणी लावता आली असती तर मी भेटायला येणाऱ्यांपासून सुरुवात केली असती.

असं बरंच चाललं. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता फिजिओथेरपीला येणारा माणूस बंद केला तरी चालेल, जेवढी सुधारणा व्हायची तेवढी झाली. ते ऐकून लासलगावचे मामा आले. मामा आईचे धाकटे भाऊ, आमच्या तिथल्या घराला लागूनच राहतात. हातात पिशवी, पिशवीत भाजी, आणि खाटेपाशी बसल्या बसल्या त्यांनी विषय काढला.

"ताई, न्या ना त्यांना घरी. आपलं घर तळाला हाय. वटा हाय बसायला. मी हाय, पोरं हायेत उचलायला. हितं काय ठेवलंय? नळाचा पाइप?"

आई म्हणाली, "ते म्हनतील तसं."

"अगं, पण तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय? त्यांनाच इचार की. तू तेवढं मशीन केलंय ना?"

त्याच महिन्यात मला पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. मी मुलाखत देऊन आले होते, तीही आईला "क्लासचं काम आहे" असं सांगून. त्यांनी घ्यायचं ठरवलं होतं आणि माझं उत्तर मागत होते. मला जायचं होतं. हे स्पष्टच सांगते, मला इतकं जायचं होतं की रात्री मी मनातल्या मनात बॅग भरायचे. फाईल उघडा, फाईल सेव्ह करा, फाईल बंद करा, हे आयुष्यभर शिकवत बसायचं आणि घरी येऊन तो पाइप बघायचा, या विचाराने माझा जीव घुसमटायचा. नाना लासलगावला गेले तर मी सुटत होते. नाना इथेच राहिले तर माझंही इथेच राहणं ठरलेलं होतं.

मी स्क्रीनवर दोन नवे चौकोन टाकले. एक "लासलगाव", एक "इथंच". आईकडून वाक्यं बोलून घेतली. "ह्यांना लासलगावला जायचंय" हे म्हणताना तिचा आवाज जरा हलला, म्हणून मी पुन्हा रेकॉर्ड करू का विचारलं. ती म्हणाली, "राहू दे तसंच."

मग नानांना सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं. पिवळी चौकट फिरत फिरत लासलगाववर आली. नानांनी बटण दाबलं. आईचा आवाज बोलला, "ह्यांना लासलगावला जायचंय."

मला हवं होतं नेमकं तेच उत्तर आलं, आणि म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवू शकले नाही. हात थरथरतो, चुकून दाबलं असेल. मला जायचंय म्हणून मला ते खरं वाटतंय. उद्या तिकडे त्यांचं काही बरंवाईट झालं तर जन्मभर मी स्वतःला काय सांगू, की थरथरत्या हाताने एकदा बटण दाबलं होतं? एवढा मोठा निर्णय एका दाबावर घ्यायचा नाही असं मी ठरवलं. त्या दोन चौकोनांपुरती आणखी एक पायरी घातली. वाक्य बोलून झालं, रांगेतले जास्तीचे दाब फेकून दिले, की स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत "नक्की?" असं यायचं आणि खाली "हो" आणि "नाही". थोडा वेळ वाट बघायची. हो दाबलं तरच खरं. नाही तर सगळं रद्द होऊन पुन्हा पहिली स्क्रीन.

नानांनी हो कधीच दाबलं नाही.

दर दोन-चार दिवसांनी मी विचारायचे. दर वेळी ते लासलगाववर दाबायचे, आणि मी स्क्रीनकडे बघत असायचे. आईचं वाक्य व्हायचं, "नक्की?" यायचं, आणि नाना भिंतीकडे तोंड फिरवायचे. पिवळी चौकट हो आणि नाहीवर बिचारी फिरत राहायची आणि शेवटी सगळं पुसलं जायचं.

"बघ, नक्की नाही त्यांचं," मी आईला म्हणायचे.

"दाबलं तर व्हतं ना त्यांनी."

"एकदा दाबतात. विचारलं की मागे हटतात. घाबरत असतील तिकडं जायला."

आई उठून आत जायची. मी मात्र चिडायचे. एकदा तर नानांवर ओरडले की दोनदा बटण दाबायला काय होतं तुम्हाला, माझं काय अडलंय ते कळतं का? नानांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. पुण्याहून दुसऱ्यांदा फोन आला. सोमवारपर्यंत सांगा म्हणाले. मी ठरवून टाकलं की नाही म्हणायचं. ठरवल्यावर शांत वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

त्या रविवारी दुपारी नेहमीसारखं लोडशेडिंग झालं. पंखा थांबला, कॉम्प्युटरची घरघर थांबली, स्क्रीन काळी झाली. खालच्या घरांतले कूलर नि टीव्हीही बंद. इतकं शांत झालं की आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती त्याच्या सालांचा आवाज ऐकू येत होता. मी वर्तमानपत्राची घडी करून नानांना वारा घालत होते. बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं. विचारलं असं नाही, वैतागच बाहेर पडला.

"नाना, खरंच जायचंय का हो लासलगावला? का उगीच दाबता ते बटण?"

नानांनी काळ्या स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि बटण दाबलं.

टक.

वीज नव्हती. ते बटण त्या क्षणी कशालाही जोडलेलं नव्हतं. त्यांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुन्हा, टक. मग त्यांनी हात वर उचलला. कोपर पाटावर टेकलेलं, पंजा हवेत, थरथरत. मला वाटलं थकले, हात बाजूला घेतील. पण तो तसाच राहिला. आणि मग सगळा पंजा बटणावर आणि पाटावर मिळून सपकन खाली आला. नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

माझ्या हातातलं वर्तमानपत्र थांबलं. तो आवाज मी ट्रॉलीवर बसून ऐकला होता. फळीवरचा पंजा. त्यानंतर मागे न बघता पुढे चालायला लागणारी नानांची पाठ. आता चालता येत नव्हतं, म्हणून ते नुसते भिंतीकडे वळत होते.

एवढे दिवस ते दर वेळी पूर्ण बोलत होते. एक वार मशीनपर्यंत पोचत होता. दुसरा आणि तिसरा, आईचं वाक्य चालू असताना रांगेत जाऊन उभे राहत होते आणि मी ते कंप समजून उचलून फेकत होते. कंपाचे दाब आणि हे दाब रांगेत एकाच जातीचे होते, त्यांच्यावर तसा काही शिक्का नसतो. आणि वर तीन वार होऊन सौदा तुटल्यावर, मी त्या माणसाला मोठ्या अक्षरांत विचारत होते, नक्की? जो प्रश्न विचारणाऱ्या व्यापाऱ्याकडे ते कसे बघायचे हे मला माहीत होतं, तो प्रश्न. नानांनी हो का दाबलं नाही याचं मला आता नवल वाटेना. त्यांनी पाट उचलून माझ्या डोक्यात घातला नाही हेच खूप होतं.

"नाना," मी म्हटलं, "पुन्हा एकदा सांगा. लासलगाव?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तीच नजर. बटणाकडे हातही नेला नाही. मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. स्वयंपाकघरातला लसणाचा आवाज थांबला होता. आई दारात येऊन उभी होती.

"बरं," मी म्हटलं. "लासलगाव. झालं ते."

आणि मग, त्यांचा हात अजून पाटावरच होता म्हणून, मी ते विचारलं. त्यासाठी स्क्रीनवर चौकोन नव्हता. मी तो कधी केलाच नव्हता. तसा चौकोन करायचा म्हणजे आधी आईला सगळं सांगावं लागलं असतं.

"मला पुण्याला नोकरी मिळतेय. तुमच्याबरोबर लासलगावला नाही येता यायचं मग. जाऊ का मी?"

आई दारातून हलली नाही.

टक.

टक.

हात वर गेला आणि थांबला. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. ते बाजारात कधी बघायचे, कोणाकडे बघायचे, ते मला माहीत होतं. ज्याचा माल त्याच्याकडे. अजून मोडता येतं हे सांगण्यासाठी ते थांबायचे.

तो हात तसा धरून ठेवणं त्यांना किती जड जातं ते मी जाणून होते. फिजिओथेरपीवाला तेवढंच करून घ्यायचा आणि पोटापर्यंत घामाने भिजायचे ते. माझ्याजवळ सगळी कारणं तयार होती. आईची कंबर. नाशकातले दवाखाने. मामांची मुलं आज आहेत, उद्या त्यांची लग्नं होतील. लोक काय म्हणतील हेही होतं, नाही कशाला म्हणू. इतके दिवस हीच कारणं घट्ट धरून मी त्या दोन खोल्यांत बसले होते आणि कोंडलंय म्हणून नानांवर ओरडत होते. मान हलवली असती की झालं असतं. हात खाली आला असता आणि कोणी मला पुन्हा कधी विचारलं नसतं.

हात आता खांद्यापासून हलत होता. नानांच्या कपाळावर घाम आला होता. पण त्यांनी तो खाली घेतला नाही, आणि डोळेही मिटले नाहीत.

"जाते, नाना," मी म्हटलं.

पंजा खाली आला. पाट खाटेवर हलला आणि बटणाचा एक स्क्रू निघून फरशीवर पडला. नाना भिंतीकडे वळले.

मला मोकळं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मला वाटलं, या माणसाने आत्ता मला स्वतःच्या हाताने दाराबाहेर काढलं आणि आता तो मागे वळून बघणार नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सदरा ओला होता. मी म्हटलं, "नाना, पण तुम्हाला चालेल ना मी..."

"आता पुन्हा नको इचारू त्यांना," आई दारातून म्हणाली.